लॅमिंग्टन रोडचा एकच सवाल : बोर्ड कौनसा है?

घरातला म्हातारा पीसी कुरकुरायला लागला की मुंबईकर ग्रँट रोडला उतरतो. घ्यायची असते रॅमची एक पट्टी, लांबीला वीतभरसुद्धा नाही. पण ती घेता घेता लॅमिंग्टन रोड तुमची अशी काही शाळा घेतो की बस्स!

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की पत्ता विचारत बसायची गरज नाही. गर्दीत कुणाच्या तरी खांद्यावर जुन्या चादरीत बांधलेला सीपीयू असतोच. सरळ त्याच्या मागे चालायला लागायचं. दोन-चार मिनिटांत डोक्यावर वायरींचं जाळं, फुटपाथवर चार्जर आणि केबल्सचे ढीग, हातगाडीवर खोक्यांची चळत आणि कानावर 'सीसीटीव्ही? प्रिंटर? लॅपटॉप रिपेअर?' असा अखंड जप सुरू झाला, की समजायचं, आलात तुम्ही लॅमिंग्टन रोडला!

सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही. अकराच्या आसपास शटर वर जायला लागतात आणि बाराशिवाय कुणाचा मूड लागत नाही. रविवारी तर बहुतेक रस्ता झोपलेला. शनिवार मात्र जॅमपॅक. ऑफिसला सुट्टी असलेले आयटीवाले, कॉलेजची पोरं, बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे पीसी फुकटात दुरुस्त करणारे हौशी काका, सगळे एकाच काउंटरवर एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत असतात.

हल्ली जाणंही सोपं झालंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रोची अॅक्वा लाइन कफ परेडपर्यंत पोचली आणि ग्रँट रोडलाही भुयारी स्टेशन मिळालं. आरेकडून थेट एसीत बसून या आणि वर येऊन पन्नास वर्षं जुन्या लाकडी काउंटरवर कोपर टेकवा. मुंबईत असली मजा मिळते.

गव्हर्नर, केक आणि 'शोले'

पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघा. तो दोन सेकंद तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, 'लॅमिंग्टन बोलो ना!'

हा लॅमिंग्टन कोण? तर १९०३ ते १९०७ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. त्याआधी साहेब ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे गव्हर्नर होते. चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेला लॅमिंग्टन नावाचा केक तिथे घरोघरी खातात. त्याचं नाव याच घराण्यावरून पडलं असं मानतात. पुढे १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ऊधम सिंग यांनी मायकेल ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा जखमी झालेल्यांमध्ये हे म्हातारे लॅमिंग्टनसाहेबही होते. रॅम घ्यायला येणाऱ्या पब्लिकला यातलं काहीही ठाऊक नसतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही.

कॉम्प्युटरच्या आधी हा रस्ता सिनेमाचा होता. नाझच्या इमारतीत फिल्म डिस्ट्रिब्युटर्सची ऑफिसं होती. अप्सरा इथलंच, मिनर्व्हाही इथलंच. १९७५ मध्ये मिनर्व्हात लागलेला 'शोले' पाच वर्षांहून जास्त काळ उतरलाच नाही. सोबतीला रेडिओ-अॅम्प्लिफायरच्या सुट्या भागांची दुकानं होती. त्यांचे पुढे टीव्ही-व्हीसीआर झाले आणि १९९०च्या दशकात कॉम्प्युटर आला. काउंटर तेच, मागच्या खणांत माल बदलत गेला. दिल्लीला नेहरू प्लेस, बंगळुरूला एस. पी. रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट, तसा मुंबईला लॅमिंग्टन.

आता इथे कॉम्प्युटरच्या बरोबरीने सीसीटीव्ही, एलईडी पट्ट्या, इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टचे सेन्सर आणि मोटारी असं काय वाट्टेल ते मिळतं. नवा लॅपटॉप लोक ऑनलाइन मागवतात. मग इथे गर्दी कसली? तर जुन्याची! आणि जुन्या पीसीसाठी सगळ्यात जास्त मागितली जाणारी वस्तू म्हणजे रॅम.

दहा सेकंदांचा इंटरव्ह्यू

आधी थोडं बेसिक. हार्डडिस्क म्हणजे तुमची कोठीची खोली, रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. कोठीत गव्हाची दहा पोती असली तरी ओटा हातभर असेल, तर एका वेळी एकच पदार्थ होणार. ब्राउझरचे वीस टॅब, एक्सेलची शीट आणि वर व्हिडिओ कॉल म्हणजे हातभर ओट्यावर पंगतीचा स्वयंपाक. पीसी दर वेळी उठून सामान कोठीत ठेवणार आणि पुन्हा काढणार. आपण म्हणतो, 'हँग झाला.' तो बिचारा धावत असतो.

ओटा वाढवायचा म्हणून आपण काउंटरवर जातो आणि ऐटीत सांगतो, 'बॉस, चार जीबी रॅम द्या.'

काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, 'बोर्ड कौनसा है?'

इथे नव्वद टक्के पब्लिकची दांडी उडते. आपल्याला पीसीचा रंग माहीत असतो, किती साली घेतला ते माहीत असतं, कुणाच्या ओळखीने घेतला तेसुद्धा. बोर्ड माहीत नसतो. मग पुढचे प्रश्न धडाधड येतात. 'डीडीआर टू के थ्री? डेस्कटॉप के लॅपटॉप? स्लॉट कितने? पहले से कितना डाला है? विंडोज बत्तीस बिट के चौसठ?' दहा सेकंदांत इंटरव्ह्यू संपतो आणि उमेदवार बहुतेक नापास. मालक मात्र चिडत नाही. तो फक्त म्हणतो, 'पुरानी पट्टी निकालके लाओ.'

लॅमिंग्टन रोडवरचा सर्वोत्तम फुकट सल्ला हाच. घरातली जुनी पट्टी काढून, रुमालात नाही तर कागदात गुंडाळून न्यायची. तिच्या स्टिकरवर तिची अख्खी कुंडली लिहिलेली असते.

खाचेची भाषा

रॅमच्या पट्टीला खाली सोनेरी पिना असतात आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी एक खाच. ही खाच म्हणजे पट्टीचं आडनाव. साध्या एसडीरॅमला १६८ पिना आणि दोन खाचा. २००० च्या सुमारास आलेल्या पहिल्या डीडीआरला १८४ पिना आणि एक खाच. डीडीआर-२ ला २४०. डीडीआर-३ लाही २४०, पण खाच सरकलेली. डीडीआर-४ ला २८८, डीडीआर-५ लाही २८८, पुन्हा खाच वेगळ्या जागी.

म्हणजे पिना मोजून उपयोग नाही, खाच बघायची. ती सरकवलीय ती तुमचा छळ करायला नाही. पहिली डीडीआर अडीच व्होल्टवर चालते, डीडीआर-२ ला १.८ लागतात, डीडीआर-३ ला १.५, डीडीआर-४ ला १.२ आणि डीडीआर-५ ला १.१. चुकीची पट्टी चुकीच्या स्लॉटमध्ये गेली तर वीज नको तिथे जाणार. ते होऊ नये म्हणून खाच मध्ये उभी राहते. तरी जोर लावून बसवणारे बहाद्दर असतातच. त्यांच्या काळ्या पडलेल्या पट्ट्या काही काउंटरवर शो-पीससारख्या मांडून ठेवलेल्या असतात.

जुन्या लोकांकडे याहून भारी किस्से आहेत. २००० च्या नोव्हेंबरात पेंटियम-४ आला, तेव्हा त्याच्यासोबत रॅम्बस कंपनीची आरडीरॅम घ्यावी लागायची. ती महाग, वर ती जोडीनेच लावायची आणि उरलेले स्लॉट रिकामे ठेवायचे नाहीत! त्यात चिप नसलेली कोरी पट्टी खोचायची, नाहीतर सर्किटच पूर्ण होत नसे. रिकाम्या जागेसाठी पैसे मोजायला लावणारी रॅम मुंबईकराला परवडणार कशी? २००१ मध्ये इंटेलने ८४५ चिपसेट आणला आणि पेंटियम-४ साध्या एसडीरॅमवर, लगेच पुढे डीडीआरवर चालायला लागला. काही कंपन्यांनी तर संक्रमणकाळात एकाच बोर्डावर दोन्ही प्रकारचे स्लॉट दिले होते. वापरायचा मात्र एका वेळी एकच प्रकार. दोन्ही भरून बघणाऱ्यांचा पीसी उठायचा नाही आणि ते सीपीयू डोक्यावर घेऊन ग्रँट रोडला यायचे.

बसली, पण उठली नाही

खाच जुळली म्हणजे काम झालं, असं आपल्याला वाटतं. लॅमिंग्टन रोडची खरी विद्या तिथून पुढे सुरू होते.

एका शनिवारी दुपारी मी एका अरुंद दुकानात काउंटरच्या कडेला उभी होते. नालासोपाऱ्याहून एक ताई आल्या होत्या. घरातच डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, अहवाल, सोसायटीच्या नोटिसा, क्लासच्या प्रश्नपत्रिका. पीसी पंधरा वर्षांचा. नवा का घेत नाही, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. त्यांचं सगळं काम पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती आली ती २००१ मध्ये. जुन्या फॉन्टमधल्या फायली दुसऱ्या मशीनवर उघडल्या की 'चि. सौ. कां.'च्या जागी अक्षरांची भेळ होते. पंधरा वर्षांच्या गिऱ्हाइकांचा मजकूर त्या एका डब्यात. तो डबा बंद पडला तर धंदा बंद.

मशीन स्लो झालं म्हणून त्यांनी घराजवळच्या दुकानातून चार जीबीची नवी कोरी डीडीआर-३ पट्टी आणली होती. बोर्ड डीडीआर-३, पट्टी डीडीआर-३, खाच बरोबर, क्लिप टक्‌कन बसली. बटण दाबलं तर स्क्रीन काळी आणि डब्यातून नुसतं टीं-टीं-टीं. पट्टी काढली की पीसी सुरू, लावली की टीं-टीं. घराजवळचा दुकानदार म्हणाला, तुमचा बोर्ड गेला. बोर्ड गेला हे ऐकून बाईंच्या पोटात गोळा आलेला. दोन पत्रिका अर्धवट होत्या.

काउंटरवरच्या काकांनी पट्टी उलटसुलट केली. एका बाजूला आठ चिपा, दुसरी बाजू कोरी.

'बोर्ड जी-एक्केचाळीस आहे का?'

ताईंनी पाठीमागच्या स्टिकरचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. जी-४१ च होता.

'बोर्डला काय नाय झाला. ही पट्टी त्याला वाचताच येत नाय.'

मग त्यांनी जे सांगितलं, ते कुठल्याही खोक्यावर छापलेलं नसतं. चार जीबीची पट्टी दोन प्रकारे बनते. दोन-दोन गिगाबिटच्या सोळा चिपा लावा, किंवा चार-चार गिगाबिटच्या आठ. बेरीज तीच. पण इंटेलचा जी-४१ हा चिपसेट २००८ चा. तेव्हाच्या हिशेबाने बनवलेला. दोन गिगाबिटपेक्षा मोठी चिप त्याला कळत नाही. दोनच्या पाढ्यापर्यंत शिकलेल्या पोराला चारचा पाढा विचारला तर ते गप्प बसणार, तसा हा बोर्ड गप्प बसतो. नवी पट्टी कमी चिपांत बनवणं कंपनीला स्वस्त पडतं, म्हणून नव्या मालात आठ चिपांच्याच पट्ट्या जास्त. म्हणजे पट्टी जितकी नवी, तितकी या बोर्डासाठी निकामी!

स्टिकरवर ही गोष्ट लिहिलेली असते. '२आरएक्स८' म्हणजे दोन रांगा, सहसा सोळा चिपा. '१आरएक्स८' म्हणजे एकच रांग, आठ चिपा. पुढचा 'पीसी३-१०६००' पाहून घाबरायचं नाही. १३३३ स्पीडला आठने गुणा, साधारण तोच आकडा. 'पीसी३-१२८००' म्हणजे १६०० गुणिले आठ. एकाच वस्तूची दोन नावं, जसा लॅमिंग्टन आणि भडकमकर.

ताई म्हणाल्या, मग सोळा चिपांची द्या.

काकांनी ड्रॉवर उघडलासुद्धा होता, पण हात थांबला. 'विंडोज कुठला? बत्तीस बिट?'

हो, बत्तीस. जुने सॉफ्टवेअर तेच चालवतं.

'मग चार नका घेऊ. दोन घ्या.'

बत्तीस बिटची विंडोज चार जीबीच्या पलीकडे बघू शकत नाही. त्यातलाही काही भाग ग्राफिक्स आणि इतर कार्डांच्या पत्त्यांसाठी राखीव जातो, म्हणून प्रत्यक्षात सव्वातीनच्या आसपास दिसते. ताईंच्या पीसीत आधीची दोन जीबी होती. वर दोन घातली की चार झाली. सहा केली असती तर वरच्या अडीच-पावणेतीन जीबीचे पैसे पाण्यात.

मागच्या टेबलावर एक उघडा मदरबोर्ड पडलेला होता. ना डबा, ना झाकण. पोराने पट्टी खोडरबरने पुसली, स्लॉटमध्ये बसवली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना जोडून बोर्ड चालू केला. हो, खोडरबर! सोनेरी पिनांवर धूळ-गंज चढला की शाळेतला खोडरबर फिरवणं हा अख्ख्या देशातला रॅमचा पहिला औषधोपचार. बऱ्याचदा 'मेलेली' रॅम तेवढ्यानेच उठून बसते. आकडे स्क्रीनवर आले, पट्टी पास झाली. ताईंची नवी पट्टी काकांनी थोडी पडत्या भावात ठेवून घेतली आणि जुनी, वापरलेली, दोन जीबीची पट्टी त्यांच्या हातात आली. चार जीबी विकून जास्त पैसे मिळाले असते. पण मग सोमवारी पुन्हा सीपीयू इथेच आला असता, आणि काकांना तो नको होता.

स्वस्त पट्टीचा लोच्या

सगळे काउंटर असे नसतात. फुटपाथवर, एजंटच्या हातात किंवा एखाद्या चमकदार पोस्टरवर तुम्हाला भावात जाम स्वस्त पट्टी दिसेल. तिथे दोन मिनिटं थांबा.

डीडीआर-२ च्या काही पट्ट्यांवर बारीक अक्षरांत 'फक्त एएमडी' असं लिहिलेलं असतं. त्यांची आतली मांडणी अशी, की एएमडीच्या बोर्डांवर त्या छान चालतात आणि इंटेलच्या बोर्डावर ढिम्म हलत नाहीत. घरात इंटेल असलेल्याने त्या स्वस्त म्हणून घेणं म्हणजे मापाची चौकशी न करता सेलमधून बूट उचलणं. याच जातीचा घोळ पहिल्या डीडीआरच्या काळातही होता. 'हाय डेन्सिटी' नावाच्या एक जीबीच्या पट्ट्या काही मोजक्या चिपसेटवर चालत, इंटेलच्या बोर्डांवर नाही. त्यामुळेच त्या स्वस्त असत.

तिसरी भानगड सर्व्हरच्या रॅमची. मोठ्या कंपन्या आणि बँका सर्व्हर बदलतात, तेव्हा त्यातली रॅम बाजारात येते. आठ, सोळा जीबीची पट्टी, नामांकित कंपनीची, भाव मात्र नरम. खाचसुद्धा जुळते. पण स्टिकरवर आकड्यांच्या शेवटी 'आर' असेल तर ती रजिस्टर्ड. घरगुती बोर्ड तिला दारातून परत पाठवतो. आपल्याला हवं ते शेवटचं अक्षर 'यू', लॅपटॉपसाठी 'एस'. झिऑन प्रोसेसरवाले चिनी एक्स-७९, एक्स-९९ बोर्ड वापरणारी पोरं हीच 'आर'वाली पट्टी शोधत येतात आणि स्वस्तात तगडा पीसी उभा करतात. एकाचा कचरा, दुसऱ्याची लॉटरी. फरक एका अक्षराचा.

आणि बिल? 'बिल चाहिए तो जीएसटी लगेगा' हा इथला नेहमीचा डायलॉग. नव्या मालावर तरी बिल घ्याच, कारण रॅमची लांबलचक वॉरंटी कागदावरच चालते. वापरलेल्या मालाला दुकानाची 'टेस्टिंग वॉरंटी' मिळते. किती दिवसांची, ते तिथेच पावतीवर लिहून घ्यायचं.

लॅपटॉपवाल्यांनो, उतावीळ होऊ नका

लॅपटॉपची रॅम आखूड असते, म्हणून ओळखायला सोपी. डीडीआर-३ ला २०४ पिना, डीडीआर-४ ला २६०, डीडीआर-५ ला २६२. पण इथेही एक चोरखिडकी आहे, तिचं नाव 'एल'. डीडीआर-३ एल ही १.३५ व्होल्टवर चालणारी भावंड पट्टी. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचे डीडीआर-३ वाले लॅपटॉप तीच मागतात. त्यात दीड व्होल्टवाली साधी पट्टी घातली तर स्क्रीन काळी. उलट 'एल'वाली पट्टी दोन्ही व्होल्टेजवर चालते. तेव्हा शंका असेल तर 'एल' घ्या आणि निवांत घरी जा.

स्लिम लॅपटॉप मिरवणाऱ्यांसाठी मात्र वाईट बातमी. अनेक मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, स्लॉटच नसतो. मॅकबुक एअरच्या रॅमला तर पहिल्या दिवसापासून स्लॉट नव्हता. अशा लॅपटॉपसाठी लॅमिंग्टन रोडवर फक्त कव्हर आणि सहानुभूती मिळते.

आताच एवढी गर्दी का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. म्हणजे २०१७ च्या आधीच्या बहुतेक मशीनना अधिकृत दार बंद. रॅम बत्तीस जीबी करा, तरी बंद. जुन्या डब्यावर बँकेचे व्यवहार करत असाल तर आधी याचा विचार करा, रॅमचा मग.

त्यात २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर चढले. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी, कंपन्यांनी कारखान्यांचा मोहरा तिकडे वळवला आणि डीडीआर-४ चं उत्पादन आखडतं घेतलं. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने आपला 'क्रुशल' हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नव्या पीसीत रॅमच महाग पडायला लागली, तेव्हा जुन्या पीसीतल्या रिकाम्या स्लॉटकडे लोकांचं लक्ष गेलं. कालपर्यंत ड्रॉवरच्या तळाशी पडलेल्या पट्ट्या पुसून वर आल्या.

या गर्दीत प्रामाणिक दुकानदार ओळखायची एक सोपी खूण आहे. तो काही वेळा रॅम विकत नाही! चार-आठ जीबी असूनही पीसी रखडत असेल, तर दोष बहुधा जुन्या फिरत्या हार्डडिस्कचा असतो. ओटा पुरेसा मोठा, पण कोठीचं दार गंजलेलं. अशा वेळी तो सांगतो, 'रॅम छोडो, एसएसडी डालो.' डीडीआर-२ च्या मशीनसाठी तर काही जण स्पष्टच म्हणतात, यात आता पैसे घालू नका. त्या पिढीच्या चांगल्या पट्ट्या मिळणं कठीण आणि त्या किमतीत नंतरच्या पिढीचा वापरलेला अख्खा डबा येऊ शकतो. असं सांगणाऱ्या माणसाचं कार्ड पाकिटात ठेवावं.

कारण हे ज्ञान कुठल्याच वेबसाइटच्या 'अॅड टू कार्ट' बटणात बसत नाही. ऑनलाइन दुकान तुम्हाला पट्टी विकतं, 'बोर्ड कौनसा है' असं विचारत नाही. नालासोपाऱ्याच्या ताईंची पहिली पट्टीही असाच प्रश्न न विचारता विकली गेली होती. पट्टी खरी होती, कंपनी चांगली होती, फक्त मशीन कुणी बघितलं नव्हतं. लॅमिंग्टन रोडवर भाव थोडा इकडे-तिकडे होईल, पार्किंग मिळणार नाही, उन्हात घाम निघेल. पण तुमचा पंधरा वर्षांचा डबा इथे अजून कुणीतरी नावाने ओळखतं.

जाताय? मग हे करूनच निघा!

- बोर्डाचं नाव शोधा. डबा उघडला की मदरबोर्डावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. उघडायची भीती वाटत असेल तर 'सीपीयू-झेड' हे फुकट सॉफ्टवेअर टाका. बोर्ड, चिपसेट, रॅमची पिढी सगळं दाखवतं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

- स्लॉट मोजा. विंडोज १० किंवा ११ असेल तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा. दोनपैकी किती स्लॉट भरलेत ते तिथेच कळतं.

- बोर्डाची मर्यादा बघा. जी-३१ जास्तीत जास्त चार जीबी घेतो, जी-४१ आठ, एच-६१ सोळा. त्याच्या वर घेतलेली रॅम शोभेची.

- विंडोज बत्तीस बिट आहे की चौसष्ट, ते बघून ठेवा. बत्तीस असेल तर चार जीबीला पूर्णविराम.

- जुनी पट्टी सोबत न्या. मेन स्विच बंद करून, प्लग काढून, एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून मगच ती काढा. कडेला धरा, पिनांना बोट नको.

- दोन पट्ट्या वेगवेगळ्या स्पीडच्या असतील तर दोन्ही हळू असलेलीच्या चालीने चालतात. शक्यतो सारख्या घ्या आणि दोन चॅनेलच्या स्लॉटमध्ये विभागून लावा.

- दुकानातच टेस्ट करून मागा. घरी आल्यावर 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालू ठेवा. सकाळी एकही एरर नसेल तरच पावती फाइलला लावा.

- आणि एक खोडरबर विकत घ्या. कोण जाणे, ग्रँट रोडचं तिकीट वाचायचं!